दोन डोळ्यांचा कॅमेरा

मनुष्याला डोळे दोन असले, तरी त्याला दिसणारे जग एकच असते. डावा डोळा मिटून उजव्याने पाहावे, मग उजवा मिटून डाव्याने पाहावे, म्हणजे समोरचा खांब मागील भिंतीच्या संदर्भात किंचित सरकलेला भासतो. हा फरक इतका अल्प असतो की, नित्याच्या व्यवहारात त्याची दखलही घेतली जात नाही. परंतु जवळचे कोणते आणि दूरचे कोणते, हे सांगणारी एक मोठी खूण याच फरकात दडलेली आहे. इंग्लंडमधील चार्ल्स व्हीटस्टन या शास्त्रज्ञाने ही गोष्ट १८३८ मध्ये रॉयल सोसायटीपुढे प्रयोगासह मांडली. दोन आरसे कोनात बसवून त्याने एक उपकरण तयार केले आणि दोन वेगवेगळी रेखाचित्रे दोन डोळ्यांना स्वतंत्रपणे दाखविली. कागदावरच्या सपाट रेषा घन होऊन उभ्या राहिल्या. त्या उपकरणास त्याने 'स्टिरिओस्कोप' हे नाव दिले. लक्षात घेण्याजोगे हे की, तोपर्यंत दागेरची छायाचित्रणाची रीत जगासमोर आलेली नव्हती. ती आली १८३९ मध्ये. घनदर्शनाचे तत्त्व अशा रीतीने कॅमेऱ्याच्या एक वर्ष आधीच सिद्ध झालेले होते आणि जणू कॅमेऱ्याची वाट पाहत उभे होते.

पुढे डेव्हिड ब्रूस्टर याने १८४९ मध्ये आरशांऐवजी भिंगे वापरून आटोपशीर पेटी तयार केली. पॅरिसच्या द्यूबोस्क याने ती घडविली आणि १८५१ च्या लंडन येथील महाप्रदर्शनात ती मांडली गेली. व्हिक्टोरिया राणीने तिच्यात रस घेतला आणि पाहता पाहता युरोपातील घराघरांतून या पेट्या दिसू लागल्या. अमेरिकेत ऑलिव्हर वेंडेल होम्स या वैद्य-साहित्यिकाने १८६१ च्या सुमारास हातात धरावयाचे, उघडे, स्वस्त उपकरण तयार केले आणि त्याचे एकस्व मुद्दाम घेतले नाही. त्यामुळे ते कोणालाही बनविता आले, आणि साडेतीन इंच रुंद व सात इंच लांब पुठ्ठ्यावर चिकटविलेली जोडचित्रे लाखांच्या संख्येने खपू लागली. आपल्याकडे जत्रेत पैसा देऊन सैरबिनीत डोकावणारी मुले ज्या कुतूहलाने काशी-रामेश्वर पाहत, त्याच कुतूहलाने तिकडची कुटुंबे दिवाणखान्यात बसून जग पाहत होती. सैरबिनीतील चित्र मात्र सपाटच असे. स्टिरिओस्कोपमधील चित्रात शिरावेसे वाटे.

चित्रे पाहण्याची सोय अशी झाली, तरी ती घेण्याची अडचण होतीच. आरंभी एकाच कॅमेऱ्याने एक चित्र घेत, मग कॅमेरा दोन-तीन इंच बाजूस सरकवून दुसरे घेत. देवालय किंवा डोंगर असेल तर हे चालून जाई. परंतु मधल्या काळात ढग सरकला, झाडाचे पान हलले किंवा माणसाने मान वळविली की दोन चित्रांचा मेळ बसेनासा होई. यावर उपाय एकच, तो म्हणजे दोन्ही चित्रे एकाच क्षणी घेणे. मँचेस्टरच्या जॉन बेंजामिन डान्सर याने १८५६ मध्ये दोन भिंगे शेजारी-शेजारी असलेल्या कॅमेऱ्याचे एकस्व घेतले. दोन डोळ्यांच्या कॅमेऱ्याचा इतिहास खऱ्या अर्थाने येथून सुरू होतो.

या कॅमेऱ्याची रचना वरवर साधी दिसते. पण तिची शिस्त कडक आहे. दोन भिंगांची केंद्रांतरे अगदी सारखी असावी लागतात. नाहीतर एक चित्र मोठे व दुसरे लहान येते. दोन्हींची प्रकाशद्वारे सारखी उघडी असावी लागतात. नाहीतर एक चित्र उजळ व दुसरे काळसर पडते. दोन्ही झडपा एकाच क्षणी उघडून एकाच क्षणी मिटाव्या लागतात. पेटीच्या मध्यभागी एक उभा पडदा असतो, म्हणजे एका भिंगाचा प्रकाश दुसऱ्याच्या चित्रावर सांडत नाही. शिवाय कॅमेरा डावी-उजवीकडे कलंडलेला चालत नाही. माणसाचे डोळे आडव्या फरकाशी सहज जुळवून घेतात. पण एक चित्र वर आणि दुसरे खाली असले की डोळ्यांना ताण पडतो आणि डोके दुखू लागते. म्हणून चांगल्या स्टिरिओ कॅमेऱ्यांना पाणसळीची काचनळी बसविलेली असे. गवंडी भिंत उभारताना जी काळजी घेतो, तीच या छायाचित्रकाराला दर चित्रामागे घ्यावी लागे.

दोन भिंगांमधील अंतर हे या यंत्राचे मर्म आहे. माणसाच्या डोळ्यांतील अंतर सुमारे ६५ मिलिमीटर असते आणि बहुतेक कॅमेऱ्यांतील भिंगे त्याच्या आसपासच्या अंतरावर बसविलेली असतात. चित्रातील सर्वांत जवळची वस्तू या अंतराच्या साधारण तीसपट दूर असावी, असा एक व्यवहारी नियम छायाचित्रकार पाळत आले. म्हणजे सुमारे दोन मीटर. त्याहून जवळचे काही आले तर दोन चित्रांतील फरक इतका वाढतो की डोळ्यांना ती एकत्र करणे जड जाते. उलट फार दूरचा डोंगर असेल तर फरक इतका अल्प होतो की, दोन भिंगे असूनही चित्र सपाटच राहते. अशा वेळी दोन चित्रे दोन वेगळ्या जागांवरून, काही मीटर अंतर ठेवून घ्यावी लागतात. विमानातून एकमेकांवर निम्म्याहून अधिक चढणारी छायाचित्रे घेऊन डोंगर-दऱ्यांची उंची मोजण्याची आणि नकाशे काढण्याची जी पद्धत विसाव्या शतकात रूढ झाली, तिचे मूळ याच तत्त्वात आहे.

आणखी एक गंमत जुन्या कारागिरांना चांगली ठाऊक होती. कॅमेऱ्यातील प्रत्येक प्रतिमा उलटी पडते. दोन्ही प्रतिमा असलेली काच सरळ करण्यासाठी फिरविली की चित्रे सरळ होतात खरी, पण डाव्या भिंगाचे चित्र उजवीकडे जाते आणि उजव्याचे डावीकडे. ती तशीच छापून पाहिली तर जवळचे दूर आणि दूरचे जवळ भासते; दरी फुगून टेकडी होते आणि टेकडी खचून दरी होते. म्हणून छापील चित्र मधोमध कापून दोन भागांची अदलाबदल करून चिकटवावे लागे.

काचेकडून फिल्मकडे झालेला प्रवास हा या कथेतील दुसरा टप्पा. आरंभीच्या ओल्या काचा जागीच लेपाव्या, वापराव्या आणि धुवाव्या लागत. त्यासाठी काळोखी तंबू बरोबर न्यावा लागे. १८७१ मध्ये रिचर्ड मॅडॉक्स याने जिलेटिनच्या कोरड्या काचेची रीत सुचविली आणि हा व्याप कमी झाला. पॅरिसच्या ज्यूल रिशार याने १८९३ मध्ये 'व्हेरास्कोप' नावाचा धातूचा छोटा कॅमेरा काढला. त्याची काच अवघी ४५ बाय १०७ मिलिमीटरची होती आणि कॅमेरा खिशात मावेल इतका लहान होता. दरम्यान अमेरिकेत जॉर्ज ईस्टमन याने १८८८ मध्ये 'कोडॅक' कॅमेरा आणि पाठोपाठ सेल्युलॉइडची गुंडाळी फिल्म बाजारात आणली. १९०१ च्या सुमारास कोडॅकचा गुंडाळी फिल्म वापरणारा स्टिरिओ कॅमेराही निघाला. रिशारच्याच कारखान्याने १९१४ च्या सुमारास 'होमेओस' हा कॅमेरा आणला. त्यात चित्रपटासाठी तयार होणारी, कडेला छिद्रे असलेली ३५ मिलिमीटर फिल्म वापरलेली होती. एका फिल्मवर पंचवीसहून अधिक जोडचित्रे घेता येत. ३५ मिलिमीटर फिल्मवर स्थिर जोडचित्रे घेणाऱ्या अगदी आरंभीच्या कॅमेऱ्यांत त्याची गणना होते. ही फिल्म नायट्रोसेल्युलोजची, म्हणजे झटकन पेट घेणारी असे.

या परंपरेचा सर्वांत प्रसिद्ध वारस म्हणजे अमेरिकेतील मिलवॉकी शहरी १९४७ पासून विकला जाऊ लागलेला 'स्टिरिओ रिअॅलिस्ट'. सेटन रॉचवाइट याची ही रचना. त्याची भिंगे ७० मिलिमीटर अंतरावर होती आणि दोहोंच्या मधोमध दृश्य पाहण्याचे तिसरे भिंग होते. केंद्रीकरणासाठी भिंगे न हलविता फिल्मची बैठकच पुढे-मागे सरकविण्याची युक्ती त्यात होती, त्यामुळे दोन्ही भिंगांचे परस्परांशी असलेले नाते बिघडत नसे. फिल्म वाया जाऊ नये म्हणून केलेली योजना तर अधिकच चतुर होती. प्रत्येक चित्र फिल्मवरील पाच छिद्रांइतकी जागा घेई. एका जोडीतील डाव्या आणि उजव्या चित्रांमध्ये दोन चित्रांची जागा मोकळी राही. दर वेळी फिल्म दोन चित्रांइतकी पुढे सरके आणि त्या मोकळ्या जागी शेजारच्या जोड्यांतील चित्रे येऊन बसत. वेणीचे पेड जसे एकमेकांत गुंतलेले असतात, तशा या जोड्या फिल्मवर गुंतलेल्या असत. छत्तीस चित्रांच्या साध्या फिल्मवर अशा अठ्ठावीस-एकोणतीस जोड्या मावत. कोडाक्रोमच्या रंगीत पारदर्शिकांची जोड मिळाल्याने हा कॅमेरा लोकप्रिय झाला आणि १९७१ पर्यंत त्याचे उत्पादन चालू राहिले.

महाराष्ट्र आणि त्याला लागून असलेला सीमाभाग यांचा या साऱ्याशी संबंध कसा आला, हे पाहणे उद्बोधक आहे. मुंबईत १८५४ मध्ये 'बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी' स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्यातील अग्रणी एतद्देशीय छायाचित्रकार होते. त्यानंतर लवकरच एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग निघाला आणि हरिश्चंद्र चिंतामण यांच्यासारखे छायाचित्रकार त्यातून तयार झाले. मुंबई सरकारने १८५५ मध्ये कॅप्टन थॉमस बिग्ज याला विजापूर, बदामी, ऐहोळे येथील वास्तूंची छायाचित्रे घेण्यास नेमले. कर्नाटकातील शिल्पवैभव या कामगिरीतून कागदावर उतरले. पण तिथला कॅमेरा एकाच डोळ्याचा होता.

दोन डोळ्यांच्या कॅमेऱ्याने भारताची पद्धतशीर फेरी केली ती विसाव्या शतकाच्या आरंभी. ती करणारा जेम्स रिकल्टन हा मूळचा अमेरिकेतील शाळामास्तर. १८८८ मध्ये थॉमस एडिसनने त्याला विजेच्या दिव्यातील तंतूसाठी उत्तम बांबू शोधण्यास सिलोन, भारत आणि पूर्वेकडील देशांत धाडले होते. पुढे अंडरवुड अँड अंडरवुड या कंपनीसाठी तो स्टिरिओ कॅमेरा घेऊन जगभर हिंडला. १९०३ च्या दिल्ली दरबाराच्या सुमारास त्याने भारतात काम केले आणि १९०७ मध्ये त्याचा शंभर जोडचित्रांचा, नकाशांसह असलेला भारतदर्शनाचा संच पुस्तकासोबत प्रसिद्ध झाला. घरबसल्या वाचकाने अमुक जागी उभे राहावे, अमुक दिशेस पाहावे, अशी त्याची मांडणी होती. पाहणारे तिकडचे आणि पाहिले जाणारे इकडचे, हा त्या संचाचा स्वभाव होता, हे मात्र विसरता येत नाही.

मराठी कारागिरांची प्रतिभा त्या सुमारास वेगळ्या वाटेने गेली. कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन यांनी १८९२ पासून 'शांबरिक खरोलिका' सुरू केली. काचेवर हाताने रंगविलेली चित्रे दिव्याच्या प्रकाशात पडद्यावर टाकून ते चित्रे हलल्याचा भास निर्माण करीत. मुंबईतील छायाचित्रकार हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर तथा सावेदादा यांनी १८९६ मध्ये मुंबईत आलेला ल्युमिएर बंधूंचा खेळ पाहिला, विलायतेहून कॅमेरा मागविला आणि १८९९ मध्ये कुस्तीचे चित्रण केले. दादासाहेब फाळके यांनी १९१३ मध्ये 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आणला. कोल्हापुरात बाबूराव पेंटर यांनी बंधू आनंदराव यांच्यासमवेत स्वदेशी चित्रपट-कॅमेरा घडविण्याचा ध्यास घेतला. १९१६ मध्ये आनंदरावांचे निधन झाल्यावर दामल्यांच्या साहाय्याने तो १९१८ मध्ये पूर्णत्वास नेला. सपाट पडद्यात जीव कसा ओतावा, या प्रश्नाला पश्चिमेने एक उत्तर खोलीने दिले होते. मराठी माणसाने ते गतीने दिले. भारतात पूर्ण लांबीचा त्रिमिती चित्रपट यायला १९८४ साल उजाडले, आणि तो मल्याळममध्ये निघाला.

खोलीच्या चित्राचा विचार करताना जोयडा तालुक्याकडे लक्ष जाणे स्वाभाविक आहे, कारण हा प्रदेशच मुळी खोलीचा आहे. उत्तर कन्नड जिल्ह्यातील हा तालुका पूर्वी सुपा तालुका म्हणून ओळखला जाई. १८६२ पासून राज्यपुनर्रचनेपर्यंत, म्हणजे १९५६ पर्यंत, तो मुंबई इलाख्यात आणि नंतर मुंबई राज्यात होता. मराठी आणि कोकणी येथील घरांतून व बाजारांतून रुळलेली आहे. डिग्गीजवळ उगम पावणारी काळी नदी सुमारे १८४ किलोमीटर वाहून कारवारजवळ समुद्राला मिळते. कवळ्याच्या गुहा, सिंथेरीचा उभा प्रचंड खडक, उळवीचे देवस्थान, अणशीचा घाट ही सारी ठिकाणे अशी आहेत की, सपाट छायाचित्रात त्यांचे अर्धेच रूप उतरते. एका डोळ्याच्या कॅमेऱ्याला पुढचे झाड आणि मागची कडा एकाच हिरव्या पटावर चिकटलेली दिसतात. दोन डोळ्यांचा कॅमेरा त्या दोहोंमधली हवा दाखवितो. याच तालुक्यातील कॅसलरॉक स्थानकातून १८८० च्या दशकात मुरगावकडे जाणारा रेल्वेमार्ग घाटातून उतरविला गेला, आणि १९६१ पर्यंत ते पोर्तुगीज गोव्याच्या वेशीवरील स्थानक होते. एका बाजूस कडा आणि दुसऱ्या बाजूस दरी असलेला तो मार्ग म्हणजे स्टिरिओ कॅमेऱ्यासाठी जणू योजलेला विषय. पुढे दांडेलीच्या कागद गिरणीने याच जंगलातील बांबूंवर आपले यंत्र चालविले. ज्या वस्तूच्या शोधात रिकल्टन प्रथम पूर्वेकडे आला, ती येथे विपुल होती.

परंतु या तालुक्याच्या संदर्भात छायाचित्राचा प्रश्न केवळ सौंदर्याचा उरत नाही. काळी आणि पांढरी या नद्यांच्या संगमावरील जुने सुपा गाव आज अस्तित्वात नाही. गणेशगुडीजवळ बांधलेले १०१ मीटर उंचीचे सुपा धरण १९८७ मध्ये पूर्ण झाले आणि गाव व आसपासची वस्ती जलाशयाखाली गेली. विस्थापितांपैकी अनेकांचे पुनर्वसन रामनगर येथे झाले. धरणाच्या विजेने दूरच्या शहरांतील दिवे लागले. ज्यांची घरे गेली त्यांच्याजवळ राहिल्या त्या आठवणी, कागदपत्रे आणि छायाचित्रे. लग्नाच्या किंवा मुंजीच्या छायाचित्रात माणसांचे चेहरे स्पष्ट असतात. पण त्यांच्या मागील ओसरी किती खोल होती, अंगणातून नदीकडे उतरणारी वाट किती उताराची होती, देवळाचा सभामंडप गल्लीपासून किती आत होता, हे त्यातून कळत नाही. जोडचित्रातून ते कळते, इतकेच नव्हे तर मोजताही येते. घेणाऱ्या कॅमेऱ्याची मापे ठाऊक असतील, तर दोन चित्रांतील सरकलेल्या अंतरावरून भिंतीचे व दाराचे अंतर काढणे हे भूमितीचे साधे काम आहे. गाव पाण्याखाली गेल्यावर अशा एका जोडीचे मोल एखाद्या मोजणीच्या नकाशाहून कमी नसते.

आणि नेमकी हीच जोडी सर्वांत सहज नष्ट होते. पाहणाऱ्याला दोन चित्रे सारखीच दिसतात. घरातील जुनी ट्रंक आवरताना एक चित्र ठेवले जाते आणि दुसरे 'जास्तीची प्रत' म्हणून टाकून दिले जाते किंवा नातेवाइकांना वाटले जाते. ज्या क्षणी जोडी फुटली, त्या क्षणी खोली गेली. राहिले ते एक साधे छायाचित्र. म्हणून जुना संग्रह स्वीकारणाऱ्या वाचनालयाने काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. सात इंच लांब पुठ्ठ्यावर शेजारी-शेजारी दोन सारखी चित्रे असली, सुमारे साडेचार सेंटिमीटर रुंद आणि पावणेअकरा सेंटिमीटर लांब काचेवर दोन प्रतिमा असल्या, किंवा एकाच चौकटीत दोन खिडक्या असलेली पारदर्शिका मिळाली, तर ती जोडी आहे असे समजावे. ३५ मिलिमीटर फिल्मच्या पट्टीवर नेहमीपेक्षा आखूड, जवळजवळ चौरस चित्रे दिसली आणि सारखे दिसणारे चित्र लगेच न येता मध्ये दोन चित्रे सोडून आले, तर ती पट्टी मुळीच कापू नये. जुनी नायट्रेटची फिल्म असल्याचा संशय आला तर ती इतर ग्रंथसंपदेपासून दूर, थंड व हवेशीर जागी ठेवावी आणि जाणकाराला दाखवावी. पश्चिम घाटातील पावसाळ्यात जिलेटिनवर बुरशी फार लवकर धरते. तेव्हा काचा आणि फिल्म कोरड्या हवेत, आम्लरहित कागदात, उभ्या ठेवणे हितावह. त्यांच्या प्रतिमा संगणकात उतरवून घेताना दोन्ही अर्ध्या भागांना सारखाच उजेड व सारखेच माप द्यावे, आणि पाहताना दरीची टेकडी झालेली आढळली तर डावे-उजवे बदलून पाहावे.

ग्रंथालयाच्या दृष्टीने शेवटचे काम सर्वांत सोपे आणि सर्वांत महत्त्वाचे आहे. दाखलनोंदवहीत अशा जोडीला एकच दाखल क्रमांक द्यावा. डाव्या चित्रास 'डावे' आणि उजव्यास 'उजवे' अशी पेन्सिलीने मागे नोंद करावी. आणि स्थळ, वर्ष, देणाऱ्याने सांगितलेली माहिती त्याच दिवशी लिहून ठेवावी. पुस्तकाचे पान फाटले तर दुसरी प्रत मिळू शकते. बुडालेल्या गावाच्या जोडचित्राचा एक अर्धा हरवला, तर तो पुन्हा घेण्यासाठी कॅमेरा रोवायला जागाच उरलेली नसते.